स्टूल फॅट, इलास्टेज आणि श्वासाची टेस्ट: जेवण मोजून दिलं नाही तर रिपोर्टचा उपयोग काय?

माझ्या दादाला क्रॉनिक पॅनक्रियाटायटिस आहे, म्हणजे स्वादुपिंडाला जुनी सूज, आत खडे पण आहेत आणि शुगर पण त्यातूनच मागे लागलीय. स्वादुपिंडातून पचनाचा रस पुरेसा येतोय का हे बघायला ज्या तपासण्या सांगतात त्या आम्ही गेल्या वर्षात केल्या, काही सोलापुरात (दादा-वहिनी तिथे राहतात), काही पुण्यात माझ्याकडे. आणि आमची मावसबहीण बेल्जियमला असते, तिचं पित्ताच्या खड्यामुळे स्वादुपिंड खराब झालं होतं, तिची तिसरीच एक टेस्ट झाली, तिने मला सगळं बारीक सांगितलंय. तर तिन्हींचा रिव्ह्यू एकत्र लिहितेय. कुठल्याही लॅबचं किंवा हॉस्पिटलचं नाव घेत नाहीये कारण जे आमच्याकडे झालं ते कुठेही होऊ शकतं, आणि मी डॉक्टर नाही, जे डॉक्टर आणि डाएटिशियनकडून समजून घेतलं आणि नंतर वाचलं तेवढंच लिहितेय.

मला जे सांगायचंय ते आधीच सांगून टाकते. या तपासण्यांमध्ये पेशंटने काय खाल्लं, किती खाल्लं आणि ते कुणी मोजलं का, यावर निम्मा रिपोर्ट ठरतो. लॅब लोकांना जेवण लिहून देत नाहीत. आणि ते दिलं नाही तर पेशंटचे पैसे, वेळ, आणि जो त्रास होतो (होतोच, पुढे सांगते) तो सगळा वाया जातो.

पहिली इलास्टेज. ही सगळ्यात सोपी, यावर फार लिहिण्यासारखं नाही. इलास्टेज हे स्वादुपिंडातून येणारं, अन्न पचवणारं एन्झाइम आतड्यातून जाताना फारसं मोडत नाही, म्हणून शौचाच्या छोट्याशा नमुन्यात ते किती आहे ते मोजतात. ग्रॅममागे २०० मायक्रोग्रॅमच्या वर असेल तर नॉर्मल, १०० ते २०० मध्ये असेल तर कमी पडतंय, आणि १०० च्या खाली असेल तर बरंच कमी. एकच डबी, घरी येऊन घेऊन जातात, काही हजार रुपये लागतात, रिपोर्ट मोबाईलवर येतो. जेवणाचं काही पथ्य नाही. एन्झाइमच्या गोळ्या चालू असतील तरी साधारण चालतं कारण गोळीतलं एन्झाइम डुकराचं असतं आणि टेस्ट माणसाचं इलास्टेज शोधते, फक्त सगळे किट सारखे नसतात म्हणून हे एकदा लॅबला विचारून घ्या. अडचण दोन ठिकाणी आहे. शौच पातळ पाण्यासारखी असेल तर एन्झाइम पातळ होऊन आकडा खोटा कमी येतो, त्यामुळे जुलाब चालू असताना नमुना देऊ नका, त्या मुलाला सरळ सांगा उद्या या. आणि आजार सुरुवातीचा असेल तर ही टेस्ट बऱ्याचदा पकडत नाही. दादाचा आकडा दीडशेच्या आसपास आला, म्हणजे अधलामधला, ना धड इकडे ना धड तिकडे, म्हणून मग डॉक्टर म्हणाले की चरबी खरंच पचतेय का ते बघू. सर्व्हिस म्हणून इलास्टेजला मी चांगलेच मार्क देईन, पण ही टेस्ट स्वादुपिंडातून काय येतंय ते सांगते, पोटात गेलेलं तूप-तेल अंगाला लागतंय का ते सांगत नाही, आणि दादाचं वजन उतरत चाललं होतं, व्हिटॅमिन डी तळाला गेलं होतं, आम्हाला खरं तेच कळायला हवं होतं.

आता स्टूल फॅट, आणि इथे मला मनापासून राग आहे.

आधी बुकिंगचाच घोळ. ॲपवर 'स्टूल फॅट' टाकलं की दोन टेस्ट असतात आणि नावं जवळजवळ सारखीच. एकीत एका नमुन्यावर लाल रंग टाकून मायक्रोस्कोपखाली तेलाचे थेंब दिसतात का ते बघतात, सुदान स्टेन म्हणतात त्याला, ती नुसती अंदाजाची. दुसरी खरी, ७२ तासांची, त्यात तीन दिवसांची सगळी शौच गोळा करायची आणि त्यात ग्रॅममध्ये किती फॅट आहे ते मोजतात. आम्हाला पाहिजे होती दुसरी, डबी आली पहिलीची. फोन करून बदलून घेतली, मोठा डबा आला झाकणाचा, त्यावर नाव तारीख लिहायला स्टिकर, इथपर्यंत ठीक. मग वहिनीने त्या मुलाला विचारलं, यांना जेवायला काय द्यायचं या दिवसांत? तो म्हणाला लॅबला विचारा. लॅबला फोन लावला तर तिकडून उत्तर, मॅडम नॉर्मल जेवू द्या त्यांना, काही पथ्य नाही.

नॉर्मल म्हणजे काय? दादाला गेली कित्येक वर्षं सगळ्यांनी सांगितलंय तेल कमी कर, तूप बंद कर, तळलेलं नको, पोट दुखेल. त्यामुळे त्याचं नॉर्मल म्हणजे कोरडी भाकरी, पातळ आमटी, एका वेळी चमचाभर तेल. वहिनीने तेच दिलं, कारण तिला तेच सांगितलं होतं. रिपोर्ट आला, दिवसाला सरासरी ६ ग्रॅम फॅट, आणि शेजारी छापलेलं की ७ च्या खाली नॉर्मल. त्या रिपोर्टवर सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की पचन ठीक आहे, एन्झाइमची गरज नाही.

हा ७ ग्रॅमचा आकडा कुठून आला ते समजून घ्या, कारण सगळी गोम तिथेच आहे. पेशंट रोज १०० ग्रॅम फॅट खातोय असं धरून तो ठरवलाय. १०० ग्रॅम खाल्लं आणि बाहेर ७ पडलं म्हणजे ९३ टक्के पचलं, तेवढं चांगल्या माणसाचं पचतं, त्याच्या खाली गेलं की काहीतरी बिघडलंय. शौचातलं फॅट मोजायची जी जुनी पद्धत आहे ती नेदरलँड्सच्या व्हान डे कामर आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये मांडली. (याच व्हान डे कामरांनी पुढे डिके आणि वायर्स या डॉक्टरांबरोबर काम करून गव्हामुळे सीलिॲक हा आतड्याचा आजार होतो हे दाखवलं, त्यातही मुलांना नेमकं काय खायला दिलं आणि शौचात किती फॅट आलं याचीच जुळणी होती, म्हणजे जेवण मोजण्याची शिस्त तेव्हापासूनची आहे.) आता दादाने खाल्लं किती? पुण्याच्या डाएटिशियनने नंतर वहिनीला एकेक विचारून हिशोब मांडला तर दिवसाला जेमतेम ५० ग्रॅम निघालं. ५० खाल्लं, ६ बाहेर, म्हणजे पचलं ४४, म्हणजे ८८ टक्के. ९३ च्या बरंच खाली! तोच ६ चा आकडा, लॅबच्या कागदावर नॉर्मल आणि खऱ्या हिशोबात बिघडलेला. आणि त्या रिपोर्टवर 'पेशंटने किती फॅट खाल्लं' असा साधा एक रकानासुद्धा नव्हता. डब्याचं वजन होतं, डॉक्टरांचं नाव होतं, बारकोड होता, पण खाल्लेलं किती ते विचारायची जागाच नाही.

मला वाटतं ही लॅब टेक्निशियनची चूक नाही, त्यांनी मोजलं ते बरोबरच मोजलं. पण जी टेस्ट अर्धी स्वयंपाकघरात होते ती तुम्ही विकताय तर त्या स्वयंपाकघरात काय करायचं ते लिहून द्यायला पाहिजे. एक कागद, बस. मराठीत. त्याच्याशिवाय ही सर्व्हिस कुणी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, भले तो डबा कितीही चांगला असो.

पुण्याच्या हॉस्पिटलचा अनुभव याच्या अगदी उलट, म्हणून सविस्तर लिहिते. तिथे टेस्ट आधी डाएटिशियनकडून सुरू होते, लॅब नंतर. त्या मॅडमनी पहिल्यांदा विचारलं काटा आहे का घरी? स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा, ग्रॅम दाखवणारा, नसेल तर घ्या म्हणाल्या, वाटी-चमच्यावर चालणार नाही कारण प्रत्येकाचा चमचा वेगळा. मग सांगितलं की एकूण पाच दिवस रोज १०० ग्रॅम फॅट, पहिले दोन दिवस नुसतं खायचं म्हणजे आतडं त्या जेवणावर येतं, आणि शेवटचे तीन दिवस गोळा करायचं. एन्झाइमची गोळी चालू असेल तर ती बंद करायची की नाही हे डॉक्टरच सांगणार, आपल्या मनाने करायचं नाही, हे दोनदा बजावलं. एरंडेल, पॅराफिनचं जुलाबाचं औषध, वजन कमी करायच्या त्या फॅट अडवणाऱ्या गोळ्या, काही काही घ्यायचं नाही कारण सगळ्यांनी आकडा बिघडतो.

१०० ग्रॅम फॅट शाकाहारी घरात कसं बसवायचं हा खरा प्रश्न होता आणि त्यांनी तो आमच्या ताटावरच सोडवला. सकाळी दोन ब्रेड स्लाइसला २५ ग्रॅम बटर (बटरमध्ये ८० टक्के फॅट असतं, म्हणजे २० ग्रॅम आलं), बरोबर पाव लिटर फुल क्रीम दूध, त्यात ६ टक्के म्हणजे १५. दुपारी १५ ग्रॅम तेल आणि १० ग्रॅम तूप. रात्री परत तेवढंच. झोपताना परत पाव लिटर दूध. २०, १५, २५, २५, १५, झाले १००. पोळी-डाळीतलं नैसर्गिक तेल थोडंफार वर जातं ते त्या वेगळं लिहून घेतात. सोपं वाटतं ना, पण गंमत अशी की तेल मोजून कढईत टाकलं की निम्मं कढईलाच राहतं, आणि भाजी चौघांची असेल तर दादाच्या वाट्याला किती आलं कुणाला माहीत. त्यावर मॅडमची युक्ती मला फार आवडली: भाजी-आमटी बिनतेलाची करायची आणि दादाची १५ ग्रॅमची फोडणी वेगळी छोट्या पळीत करून थेट त्याच्या ताटात ओतायची, पळी भाताने पुसून घ्यायची. तूप पण वरून. म्हणजे जे मोजलं तेच पोटात गेलं. उरलं तर उरलेलं परत तोलायचं आणि वहीत वजा करायचं. वहिनीने पाच दिवस वही ठेवली, एक शाळेची वही, तारीख, वेळ, पदार्थ, ग्रॅम, उरलं.

आणि मग मला सगळ्यात नवीन कळलेली गोष्ट, शेंगदाण्याची चटणी बंद! सोलापूरच्या माणसाला हे सांगणं सोपं नाही. पण कारण पटलं. दाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं आणि ते पेशींच्या आत बंद असतं, दाणा नीट चावला गेला नाही तर ते तेल तसंच बाहेर पडतं, चांगल्या पचनाच्या माणसात सुद्धा. मग शौचात फॅट वाढलेलं दिसतं आणि दोष बिचाऱ्या स्वादुपिंडाला. म्हणून तेवढे दिवस दाणे, तीळ, बदाम, काजू काही नाही, फक्त उघडं फॅट, म्हणजे तेल, तूप, लोणी, दूध. खोबरेल तेलाचंही त्यांनी सांगितलं, त्यातल्या फॅटचा काही भाग असा असतो की त्याला लायपेज हे फॅट तोडणारं एन्झाइम कमी लागतं, त्यामुळे कोकण-गोव्याकडचे जे पेशंट खोबरेलात आणि नारळाच्या रसात जेवण करतात त्यांना त्या पाच दिवसांसाठी साधं तेल-तूप देतात. हे मी आधी कुठेच वाचलं नव्हतं.

त्रासाचं पण खरं सांगायला हवं. ज्याचं फॅट पचत नाही त्याला रोज १०० ग्रॅम फॅट खायला घालणं म्हणजे पोट फुगणं, गुरगुर, वास, तेलकट तरंगणारी शौच, आणि ती सगळी गोळा करायची, एकदाही सोडायची नाही, नाहीतर हिशोब चुकला. दादा संकोची आहे, वहिनीसमोर सुद्धा त्याला हे जड गेलं. हॉस्पिटलने कमोडवर बसवायचं पसरट भांडं, झाकणाचा डबा, ग्लोव्हज आणि वरून घालायची काळी पिशवी दिली, डबा फ्रीजमध्ये ठेवायचा म्हणाले, तर आम्ही शेजाऱ्यांचा जुना छोटा फ्रीज मागून आणला आणि बाल्कनीत लावला. जे करणार असाल त्यांनी सुट्टी घ्या, त्या दिवसांत ऑफिस जमत नाही. पण तिथल्या नर्सबाई रोज संध्याकाळी फोन करून विचारायच्या, आज किती वेळा, काही सांडलं-सुटलं का, जेवण झालं का पूर्ण. त्या फोनमुळे दादा टिकला असं मी म्हणेन.

निकाल: खाल्लं १०० च्या आसपास, बाहेर १५, म्हणजे ८५ टक्के. यावेळी शंकेला जागाच नव्हती. एन्झाइम चालू झालं, जेवणाच्या पहिल्या घासापासून, मोठं जेवण तर जास्त गोळ्या, मधल्या खाण्याला कमी.

डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली ती इथे लिहिते कारण बऱ्याच जणांना वाटतं शौच तेलकट नाही म्हणजे स्वादुपिंड चांगलं. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या डिमॅग्नो आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये दाखवलं होतं की लायपेज नॉर्मलच्या १० टक्क्यांच्या खाली उतरेपर्यंत शौचातून फॅट उघड जायला लागत नाही. म्हणजे डोळ्यांना दिसेपर्यंत नव्वद टक्के काम संपलेलं असतं. म्हणूनच या टेस्ट नीट व्हायला पाहिजेत असं मी इतकं ताणून म्हणतेय.

आता मावसबहिणीची श्वासाची टेस्ट. ही ऐकूनच मला हेवा वाटला. शौच नाही, डबा नाही, सकाळी उपाशी जायचं, ब्रेड-बटर खायचं आणि बसून पिशवीत किंवा ट्यूबमध्ये फुंकायचं. बटरमध्ये एक खास फॅट मिसळलेलं असतं ज्यात कार्बन-१३ असतो. कार्बन-१३ म्हणजे किरणोत्सर्गी नाही, नेहमीच्या कार्बनपेक्षा थोडा जड, निसर्गात असतोच, बाधत नाही. स्वादुपिंडाच्या लायपेजने ते फॅट तोडलं तरच तो कार्बन आतड्यातून आत जातो, लिव्हरमध्ये जळतो आणि श्वासातून कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर येतो. जास्त आला म्हणजे लायपेज आहे, कमी आला म्हणजे नाही. ही टेस्ट बेल्जियममधल्याच ल्युवेन विद्यापीठातल्या व्हान्ट्रापेन आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये मांडली, त्यामुळे तिला तिकडेच करून घेता आली हे मला उगाचच छान वाटलं.

याचं जेवण मात्र काटेकोर. स्पेनमध्ये सांतियागो दे कोम्पोस्तेलाच्या डॉक्टरांनी जी पद्धत बसवलीय त्यात पांढऱ्या ब्रेडचे दोन स्लाइस, २० ग्रॅम बटर, त्यात २५० मिलिग्रॅम ते खास फॅट, वर २०० मिलि पाणी, आणि जेवणाआधी पोट वेळेत रिकामं व्हावं म्हणून एक गोळी. मग सहा तास श्वासाचे नमुने. सहा तासांत दिलेल्यापैकी २९ टक्क्यांपेक्षा कमी कार्बन परत आला तर पचन कमी. त्या सहा तासांत फिरायचं नाही, जिने चढायचे नाहीत, मधे काही खायचं नाही, कारण हालचाल केली की श्वासातला कार्बन डायऑक्साइडच बदलतो आणि हिशोब विश्रांतीतल्या माणसाचा धरलेला असतो. बहिणीला खुर्ची, ब्लँकेट, वायफाय सगळं होतं, ती म्हणाली विमानात बसल्यासारखं वाटलं.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. टेस्टच्या आधी तिला एक यादी दिली, त्यात मका, कॉर्नफ्लेक्स आणि उसाची साखर टाळा असं होतं. तिच्याकडे सोलापूरहून नेलेलं ज्वारीचं पीठ असतं, गूळ असतो, ती रोज भाकरी खाते. यादीत ज्वारीचा उल्लेखच नाही, कारण तिकडे कोण ज्वारी खातं. तिने ईमेल करून विचारलं. उत्तर आलं की हो, ज्वारी पण बंद, बाजरी पण बंद, बरं झालं विचारलंत! कारण मका, ऊस, ज्वारी, बाजरी ही सगळी पिकं हवेतला कार्बन वेगळ्या पद्धतीने पकडतात आणि त्यांच्यात कार्बन-१३ निसर्गतःच गहू-तांदळापेक्षा जास्त असतो. आदल्या दिवशी भाकरी-गूळ खाल्ला की श्वासात आधीच तो जास्त येतोय, आणि मशीनला काय कळणार की हा भाकरीतला आहे का बटरमधला. सुरुवातीचा रिकाम्या पोटीचा नमुना घेतात त्यातून थोडं वजा होतं पण ती पातळी पुढच्या सहा तासांत उतरत राहिली तर तेही गडबडतं. विचार करा, ही टेस्ट उद्या आपल्याकडे सोलापूर, नगर, बीडमध्ये सर्रास सुरू झाली आणि युरोपची यादी जशीच्या तशी भाषांतर करून दिली तर काय होईल. मका तर कुणी खाल्लाच नसेल, सगळे भाकरी खाऊन येतील.

तिच्या टेस्टलाही मर्यादा आहेत हे तिच्या डॉक्टरांनी आपणहून सांगितलं. पोट हळू रिकामं होत असेल (जुन्या डायबेटिसवाल्यांचं होतं) तर आकडा उशिरा आणि कमी येतो, लिव्हर किंवा फुप्फुसाचा मोठा आजार असेल तरी बिघडतो. मोठा फायदा म्हणजे एन्झाइम चालू केल्यावर तीच टेस्ट परत करून डोस पुरतोय का ते बघता येतं, जे इलास्टेजला जमतच नाही. आणि एक गोष्ट मला खटकली. श्वासाच्या टेस्टचं जेवण सुद्धा सगळीकडे एक नाही. कुठे सरसकट २० ग्रॅम बटर, कुठे वजनाच्या किलोमागे पाव ग्रॅम, ब्रेड किती, किती तास फुंकायचं, तेही वेगवेगळं. मग एका हॉस्पिटलचा २९ टक्के दुसरीकडे कसा लावायचा?

आणि सगळीकडे एकच जेवण ठरवणं अशक्य आहे असं नाही. पोट किती वेळात रिकामं होतं ती जी स्कॅनची टेस्ट असते तिच्यासाठी अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी २००८ मध्ये बसून एक जेवण ठरवलं, अंड्याचा पांढरा भाग, दोन स्लाइस ब्रेड, जॅम आणि पाणी, त्यामुळे ते जेवण जिथे जिथे देतात तिथले आकडे एकमेकांशी लावून बघता येतात. स्वादुपिंडासाठी तर स्वीडनच्या लुंड या सर्जननी १९६२ मध्येच ३०० मिलिचं पातळ जेवण बनवलं होतं, तेल, दुधाचं प्रोटीन आणि ग्लुकोज, ६ टक्के फॅट, ५ टक्के प्रोटीन, १५ टक्के साखर, ते पाजायचं आणि नाकातोंडातून आतड्यापर्यंत नळी घालून दोन तास रस गोळा करायचा. नळीचा त्रास म्हणून ती टेस्ट मागे पडली, पण एक ठरलेलं जेवण, तोलून, प्रत्येकाला तेच, हा विचार किती साफ होता. साठ वर्षांनंतर आमच्या लॅबचा फोन उचलणारा माणूस म्हणतो नॉर्मल जेवू द्या.

माझी इच्छा अशी आहे की आपल्याकडच्या मोठ्या हॉस्पिटलांनी, मेडिकल कॉलेजांनी मिळून आपल्या जेवणाचं एक टेस्ट मील ठरवावं. शाकाहारी, अंडं नसलेलं, गव्हाच्या पोळीवर किंवा मऊ भातावर मोजलेलं तूप, कुठल्याही गावात मिळेल असं, आणि शंभर-दोनशे निरोगी माणसांना खायला घालून त्याचे आपले नॉर्मल आकडे काढावेत. नुसतं ब्रेड-बटर काढून पोळी-तूप ठेवलं आणि जुनाच आकडा लावला तर ते चालणार नाही, पोळी पोटात वेगळ्या वेगाने उतरते, हे त्या डाएटिशियन मॅडमनीच मला समजावलं. दक्षिणेत, विशेषतः केरळात, आणि आपल्याकडेही तरुण वयात स्वादुपिंडात खडे होणारे पेशंट आहेत, त्यांच्यासाठी हे काम व्हायलाच पाहिजे.

तोवर जे टेस्ट करणार आहेत त्यांनी बुकिंगच्या आधी फोनवर एवढं विचारा: टेस्ट एका नमुन्याची आहे की ७२ तासांची, जेवणाचा लेखी तक्ता देणार का, रिपोर्टमध्ये खाल्लेलं फॅट धरून टक्केवारी काढणार का, आणि डाएटिशियनशी बोलता येईल का. पहिल्या प्रश्नाला गडबडले तर फोन ठेवा. तक्ता देत नसतील पण दुसरी लॅबच नसेल, लहान गावात असं होतं, तर निदान स्वतः वही ठेवा, काटा घ्या, फोडणी वेगळी करा, दाणे बंद ठेवा. सोलापूरच्या त्या लॅबला मी पाचपैकी एक देईन, तो एक डबा बदलून दिला म्हणून. पुण्याला पाच, बेल्जियमला साडेचार, अर्धा ज्वारीचा कापला.

रिपोर्ट दाखवायला जाताना जेवणाची वही बरोबर न्या, नुसता कागद नेऊ नका. पुण्याच्या डॉक्टरांनी वहिनीची वही आधी वाचली, दोन दिवशी रात्रीचं दूध अर्धं उरलेलं होतं ते त्यांनीच शोधून काढलं, हिशोबातून वजा केलं आणि मग रिपोर्ट उघडला.